उन्हाची नोंद कुणी ठेवायची?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की उन्हाळ्यात आलेली चक्कर अंगावर काढू नका. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी मधुमेह, गुडघेदुखी सगळं बाजूला ठेवलंय. फक्त ऊन, पाऊस, डास आणि पाणी. माझा दवाखाना नाशिकच्या पंचवटीत, पेठ नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. एकतीस वर्षं झाली. ‘हवामान बदल’ हा शब्द मी फार उशिरा शिकले. त्याच्या कितीतरी आधी तो माझ्या तपासणीच्या टेबलावर येऊन पडत होता, मला ओळखता येत नव्हता.

प्रश्न : डॉक्टरताई, लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा मे महिन्यातही पहाटे गोधडी ओढावी लागायची. आता एप्रिल लागला की सासूबाई गळून जातात. वय ७२, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. पण बातम्यांत नाशिकला उष्णतेची लाट आहे असं कधी सांगत नाहीत, पारा ३८-३९ असतो. मग हा त्रास उन्हाचाच म्हणायचा का?
– एक भगिनी, म्हसरूळ

हो, उन्हाचाच असण्याची दाट शक्यता आहे. ‘लाट’ जाहीर व्हायची वाट बघू नका. हवामान खात्याचा मैदानी भागासाठीचा निकष असा : कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ते साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. इशारा देण्यासाठी अशी रेघ कुठेतरी मारावीच लागते. शरीराची रेघ मात्र माणसागणिक वेगळी असते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारी सोहळा झाला, त्यात उष्माघातानं माणसं गेली. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. हवा दमट होती, डोक्यावर छत नव्हतं आणि लोक तासन् तास बसून होते.

घाम येऊन शरीर गार होत नाही, तो सुकतो तेव्हा गार होतं. हवेत दमटपणा असला की घाम नुसताच निथळतो, उष्णता आतच राहते. मग हृदय जास्त रक्त कातडीकडे ढकलू लागतं आणि म्हाताऱ्या हृदयाला ते झेपत नाही. वय झालं की तहानही कमी लागते. सासूबाई म्हणत असतील, ‘मला नको गं पाणी.’ खरंच नको वाटतं त्यांना, तो हट्ट नसतो. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर जातं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, ‘हिचा डोस आता बघायचा का?’ हा प्रश्न पेशंटनं विचारल्याशिवाय आम्ही डॉक्टरही पुष्कळदा विचारात घेत नाही.

आता जरा लांबण लावते, पण हे लिहायलाच हवं. २०१६ च्या मे महिन्यात माझ्याकडे एक बाई लागोपाठ दोन संध्याकाळी आली. चाळिशीची, चार घरी धुणीभांडी करणारी. डोकं गरगरतंय, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात. मी बीपी पाहिला, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘जरा आराम करा’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारणींनी तिला रिक्षातून आणलं. अंग तापलेलं, कोरडं ठणठणीत, आणि ती काहीतरी असंबद्ध बोलत होती. मी पुढं पाठवली, पण ती वाचली नाही. कागदावर कारण आलं हृदयक्रिया बंद पडल्याचं.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, खिडकी नाही. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी भिंतीला तळहात लावला, आणि चुलीवरून उतरवलेला तवा जसा बराच वेळ ऊब सोडत राहतो तशी ती भिंत लागली हाताला. दिवसभर उन्हात राबून ती बाई रात्री अशा भिंतींत झोपत होती. शरीराला सावरायला जे चार-सहा गार तास लागतात, तेच तिला मिळत नव्हते. दोन संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली होती आणि ‘कुठं झोपता?’ एवढं मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून टेबलावर एक लांब वही असते. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात, प्रत्येक पेशंटला चार गोष्टी विचारून लिहिते : काम कुठलं आणि किती ते किती वाजेपर्यंत, झोपता त्या खोलीवर पत्रा की स्लॅब, पाणी किती दिवसांनी येतं, लघवीचा रंग कसा आहे. उपचार त्यातूनच ठरतो. आणि ज्याची नोंद नाही त्याचं बजेट नाही, हेही मी या वहीनंच शिकले. वॉर्डात किती माणसं उन्हानं आजारी पडली हे कुणी लिहूनच ठेवत नसेल, तर तिथं पाणपोई, सावली, गार झोपायची जागा यासाठी पैसे कशाच्या आधारावर मागणार?

तुमच्या सासूबाईंसाठी : दुपारी बारा ते चार घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. दर तासाला हातात पेला द्या, विचारू नका. ताक, पन्हं, मीठसाखरेचं लिंबू सरबत चालेल (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या). मानेवर आणि हातांवर ओला पंचा फिरवून पंखा लावा. गच्चीला चुना मारा. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि खालची खोली काही अंशांनी उतरते. बोलणं अडखळलं, चालताना तोल गेला, वेळकाळाचं भान सुटलं तर त्याला थकवा समजू नका, गाडी बोलवा.

प्रश्न : खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. खरं आहे का?
– एक वाचक, लासलगाव

नाही. कांदा खा, अंगाला चांगला आहे. खिशातला कांदा शरीराचं तापमान उतरवत नाही. मला काळजी वाटते ती एवढ्याचीच, की माणूस पडल्यावर कांदा फोडून नाकाला लावण्यात आणि तळपायाला चोळण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. उष्माघातात तीच मिनिटं मोलाची. १०८ ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोरानं वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. आणि तापाची गोळी देऊ नका. हा ताप जंतूंचा नसतो, गोळीनं तो उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो. आधी गार करायचं, मग न्यायचं. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही पाणी ओतणं थांबवायचं नाही.

प्रश्न : मॅडम, माझी सात एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणीला पेठ, सुरगाण्याकडचे मजूर येतात. गेल्या वर्षी एक पोरगा बागेतच कोसळला, देवाच्या दयेनं वाचला. मजुरांसाठी मी काय करावं? तेच म्हणतात की दुपारी थांबलो तर परवडत नाही.
– एक शेतकरी, दिंडोरी तालुका

दादा, तुम्ही हे विचारलंत याचंच मला मोठं वाटलं. माझ्या वहीत एप्रिलच्या पानांवर पोटऱ्यांत गोळे आलेली, जळजळीत लघवी होणारी सगळ्यात जास्त माणसं छाटणीवरचीच असतात.

दुपारी थांबत नाहीत, कारण काम उक्तं असतं. एकरावर पैसे ठरले की प्रत्येक तास अंगावर येतो. एका दिवसात जितका पैसा पदरात पडेल तितका हवा असतो, घरी पोरं ठेवून आलेली असतात. तेव्हा ‘दुपारी थांबा’ हे नुसतं सांगून भागणार नाही, ठरावातच घाला. पहाटे साडेपाचला सुरुवात, अकराला बंद, चारनंतर पुन्हा. दुपारच्या थांबण्याचे पैसे कापायचे नाहीत. दोन दिवस काम लांबेल, हे खरं आहे. त्याचा हिशेब कोसळलेल्या पोराशेजारी ठेवून बघा.

पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून नवा आलेला मजूर पहिले काही दिवस अर्धा वेळच राबेल असं बघा. पाणी बागेच्या टोकाला नको, ओळीत हवं. ज्या ओळीत माणसं, तिथं माठ. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, सपाट. मीठ जास्त झालं तर उलटा त्रास होतो, म्हणून अंदाजानं मूठ टाकू नका. ही माणसं नागलीची आंबील पिऊन वाढलेली आहेत. मीठ घातलेली पातळ आंबील सकाळी मिळाली तर बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा कितीतरी चांगली.

आता एक गोष्ट, जी बाया तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. बागेत आडोसा नसतो म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. सकाळी एक पेला, मग थेट संध्याकाळी. माझ्याकडे येतात त्या लघवीच्या जंतुसंसर्गानं नाहीतर मूतखड्यानं. शेडनेटचे चार तुकडे लावून बंद आडोसा करा, आत पाण्याचा ड्रम ठेवा. दुसऱ्या दिवसापासून तुमचे माठ लवकर रिकामे व्हायला लागतील.

हे एका उन्हाळ्यापुरतं नाही. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या पट्ट्यात, तरण्या मजुरांच्या किडन्या निकामी होताना दिसल्या. त्यांना ना मधुमेह होता ना बीपी. वर्षानुवर्षं उन्हात राबून शरीर पुन्हा पुन्हा कोरडं पडणं हे त्याच्या मुख्य कारणांतलं एक मानलं जातं. तिथं पाणी, विसावा आणि सावली हे तीनच नियम लावून पाहिले आणि मजुरांना त्याचा फायदा दिसला. आपल्याकडे पंचविशीतला पोरगा ‘पाठ दुखते, पाय सुजलेत’ म्हणत येतो तेव्हा मी आता किडनीची रक्ततपासणी करतेच. आणि हो, फवारणी दुपारी करू नका. घामानं ओल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं, आणि उकाड्यात कुणी तोंडावरचा रुमाल ठेवत नाही.

प्रश्न : डेंग्यू पावसाळ्यात यायचा. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी दिवाळी उलटून गेली तरी पेशंट निघत होते. धुराची गाडी येत नाही म्हणून आम्ही तक्रारी करून थकलो. आमचं पाणी, परिसर सगळं स्वच्छ आहे. मग डास येतात कुठून?
– एक रहिवासी, सिडको

स्वच्छ पाण्यातूनच येतात. डेंग्यूचा एडिस डास गटारात अंडी घालत नाही. त्याला तुमचा झाकण नसलेला ड्रम लागतो, कूलरची टाकी लागते, फ्रिजच्या मागची ताटली, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचं टायर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. नुसती उपडी करून भागत नाही, काथ्यानं घासायची. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी आलं की फुटतात. सिडकोतल्याच एका घरी मी कूलरची टाकी टॉर्च मारून दाखवली होती. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, काळ्या मिरीच्या भुकटीसारखे ठिपके. त्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो, ही तर मी धूळ समजत होते.’

धुराची गाडी उडते डास मारते, तेही त्या वेळेपुरते. अंडी आणि अळ्या तशाच राहतात. गाडीसाठी जितका आवाज उठवता, तितका पाण्याच्या वेळापत्रकासाठी उठवा. पाणी रोज, ठरल्या वेळी आलं तर माणूस ड्रम भरून ठेवणार नाही. इथं हवामानाचा धागा दोन्हीकडून लागतो. पाऊस ओढ देतो, पाणीकपात होते, घराघरांत साठवण वाढते आणि डासाला घर मिळतं. आणि डासाच्या पोटात गेलेला विषाणू चावण्यालायक व्हायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. हवा उबदार असली की हे दिवस कमी होतात. पूर्वी कार्तिकात नाशिकची थंडी या सगळ्याला लगाम घालायची. थंडी उशिरा आली की लगामही उशिरा लागतो.

तापात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. ताप उतरल्यावर निर्धास्त होऊ नका, धोक्याचे दोन दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. आणि प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत घरात रडत बसू नका. आम्ही नाडी, बीपी, लघवी बघतो, त्यावरून जास्त कळतं.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा आहे. १९६९ चा गोदेचा पूर डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळाही दिसेनासा झाला होता. ऊन, पाऊस, पूर तेव्हाही होते. आता प्रत्येक गोष्ट हवामान बदलाच्या नावावर खपवतात असं वाटतं. आणि असलाच बदल तर तो अमेरिका-युरोपनं केला. आम्ही नाशिककरांनी काय करायचं त्याचं?
– एक ज्येष्ठ वाचक, जुनं नाशिक

काका, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण अर्धा बरोबर आहे. १९६९ मोठाच होता. पूर नवा नाही, आणि एका पुराकडे बोट दाखवून ‘हा हवामान बदलामुळे’ असं कुणी छातीठोक सांगू नये. पण खालचा पाया हलला आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता, आता तो ४२० च्या पुढे आहे. २०२४ हे साल आजवरचं सगळ्यात उष्ण नोंदलं गेलं, त्या जुन्या काळापेक्षा सुमारे दीड अंशानं वर. आणि हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मग जेव्हा बरसते तेव्हा ओतते. तुम्ही सप्टेंबर २००८ चा पूर पाहिला असेल आणि ऑगस्ट २०१९ चाही. माझ्या पेशंटांच्या बोलण्यात मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी हे मोजमाप आता जास्त वेळा येतं.

पुराचं पाणी ओसरतं तेव्हा माझं काम सुरू होतं. २०१९ नंतर भांडी बाजाराच्या आसपासची माणसं आठ दिवस गुडघाभर गाळात दुकानं धूत होती, अनवाणी. उंदराच्या लघवीतून त्या पाण्यात लेप्टोस्पायरा नावाचे जंतू येतात आणि पायाच्या बारीक भेगेतून शरीरात जातात. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे. लवकर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं, उशीर झाला तर किडनी आणि यकृत. मग तीन-चार आठवड्यांनी कावीळ सुरू होते, जिथं पिण्याच्या नळात गटाराचं पाणी शिरलं त्या गल्ल्यांतून. म्हणून माझं सांगणं : गाळात उतरताना बूट, निदान पायांना घट्ट पिशव्या, पाणी पंधरा-वीस दिवस उकळूनच, आणि गाळात उतरलेल्या माणसानं ताप आल्यावर ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

दोष कुणाचा, याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. दीडशे-दोनशे वर्षांचा धूर मुख्यतः श्रीमंत देशांचा आहे, आणि आजही आपल्या माणशी वाट्याला येणारं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्यांनी जास्त कमी करावं आणि आपल्याला पैसे द्यावेत, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर मरायचं कुणी? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०३० ते २०५० या काळात कुपोषण, मलेरिया, जुलाब आणि उष्णता यांमुळे दरवर्षी अडीच लाख जास्तीचे मृत्यू होतील. ते पेठ नाक्यावर पहाटे कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्यांतून होणार, गंगापूर रोडच्या एसी खोल्यांतून नाही.

आणि आपल्या हातात काहीच नाही हे मला मान्य नाही. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. हा आकडा मिळाला कारण कुणीतरी मृत्यूंची नोंद उघडून मागच्या वर्षांशी ताडून बघितली. २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेविरुद्धची कृती योजना आणली : रंगांचे इशारे, दवाखान्यांत बर्फ आणि सलाइनची तयारी, झोपडपट्टीत पाणी, मग पांढरी छतं. नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजाराच्या वर मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. यात परदेशी तंत्रज्ञान काही नाही. चुना, पाणी, बर्फ आणि वेळेवर केलेला फोन.

कोळशाचंही बोलते. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीतून काय, रस्त्यावरच्या डिझेलमधून काय, जो धूर पृथ्वी तापवतो त्याच्याच सोबतीनं येणारे बारीक कण माझ्या दमेकऱ्यांच्या छातीत जातात. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुधारणा हवी असलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव आहे. धूर कमी झाला तर जगाचं भलं पन्नास वर्षांनी दिसेल, पण माझ्या पेशंटचा पंप त्याच हिवाळ्यात कमी लागेल. सिंहस्थाच्या तयारीसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात जे पेटलं तेव्हा मी झाडांच्या बाजूनं सही केली, ती डॉक्टर म्हणून. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं भर पावसाळ्यात आहेत. लाखो माणसं, दमट हवा, एकच नदी. सावली आणि पाणी यांची सोय ही तेव्हा औषधाइतकीच लागणार आहे.

प्रश्न : नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत आमची बाग झोपली. त्यानंतर दोन हंगाम कसेबसे गेले. वडील रात्री उठून बाहेर बसतात, आभाळाकडे बघत. जेवण निम्म्यावर आलंय. काही विचारलं की म्हणतात, ‘माझ्यानंतर तुमचं बरं होईल.’ त्यांना कुठल्या डॉक्टरांना दाखवू?
– एक मुलगी, निफाड तालुका

बाळा, हे वाक्य ऐकून थांबू नकोस. ‘माझ्यानंतर’ असं म्हणणाऱ्या माणसाला सरळ विचारायचं असतं : ‘बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं विचार मनात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आजच घरातली आणि शेडमधली फवारणीची औषधं काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेव. हे सगळ्यात आधी.

मग १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरव. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ म्हटलं तर ते यायचे नाहीत. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हण, झोप हा त्यांचा खराच त्रास आहे. शक्य असेल तर त्यांच्या वयाचा, त्याच गारपिटीत बाग गेलेला एखादा मित्र सोबत ने.

गारा अर्धा तास पडतात, कर्ज वर्षानुवर्षं राहतं. पंचनाम्यात घड मोजतात, वेली मोजतात. बापाची झोप मोजायला कुणी येत नाही. माझ्या मते नुकसानीच्या प्रत्येक पंचनाम्यासोबत आशाताईंची एक फेरी त्या घरी व्हायलाच हवी. दोन ओळी मला परत लिही, वडील कसे आहेत ते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्याकडे पाऊस खूप पडतो, पण एप्रिलमध्ये विहीर आटते. मी आणि आई दोन खेपा करतो. शाळेत पत्र्याखाली बसून डोकं दुखतं. सर म्हणाले हे हवामान बदलामुळे आहे. मला डॉक्टर व्हायचं आहे. आत्ता मी काय करू शकते?
– एक विद्यार्थिनी, सुरगाणा तालुका

सगळंच हवामान बदलामुळे नाही, हे आधी सांगते. तुमचा मुलूख उताराचा आणि काळ्या पाषाणाचा, पडलेलं पाणी वाहून पश्चिमेला जातं आणि ते अडवायचं काम अपुरं राहिलंय. ते माणसांचं काम आहे, आभाळाचं नाही. उन्हाळा जसा तापतो तशी विहीर लवकर आटते आणि तुमच्या खेपा जास्त कडक उन्हात होतात, हवामानाचा भाग तो. खेपेला सूर्य वर यायच्या आत निघा, आणि निघण्याआधी पोटभर पाणी पिऊनच निघा. परतीच्या हंड्यातलं पाणी घरासाठी असतं म्हणून मुली वाटेत पीत नाहीत, मला माहीत आहे. डोकेदुखीसाठी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घे, उपकेंद्रात होतं.

आत्ता काय करायचं ते सांगते. दोनशे पानी वही घे. प्रत्येक पानावर तारीख, सकाळी अकरा आणि दुपारी दोनचं वर्गातलं तापमान, त्या दिवशी किती मुलांचं डोकं दुखलं, किती जण घरी गेले, विहिरीत दोर किती हात खाली गेला. मनानं काही भरू नको. राहिलं तर रिकामं सोड. महिना झाला की वही सरांना आणि ग्रामसभेत दाखव, आणि दोन पानं मला पाठव. भिंतीवरचा तापमापक मी संपादकांकडे दिला आहे, या आठवड्यात शाळेच्या पत्त्यावर येईल. तो खिडकीत लावू नकोस, ऊन लागलं की आकडा चुकतो. फळ्याच्या बाजूला, सावलीतल्या भिंतीवर, तुझ्या खांद्याच्या उंचीवर लाव.